चमत्काराला प्रमाणपत्र कशाला?

नासाच्या संगणकांना काळाच्या हिशेबात एक दिवस कमी भरला आणि तो दिवस बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात सापडला, ही गोष्ट गेली पन्नासएक वर्षे जगभर फिरते आहे. हॅरल्ड हिल नावाच्या एका अमेरिकी व्यावसायिकाने 1970च्या आसपास ती लोकप्रिय केली. तिच्यात आकडेही आहेत : इस्राएलांचा सेनानी यहोशवा याच्या लढाईत सूर्य थांबला ते 23 तास 20 मिनिटे, हिज्किया राजासाठी सावली दहा अंश मागे सरली ती 40 मिनिटे, आणि बेरीज बरोबर 24 तास. असे काही घडल्याचे नासाने नाकारले आहे. नाकारले नसते तरी गोष्ट टिकली नसती. ग्रहांची भूतकाळातील स्थाने आजच्या स्थानांवरून समीकरणे उलटी चालवून काढली जातात; मध्येच पृथ्वी दिवसभर थांबली असेल तर ती समीकरणे हरवलेला दिवस दाखवणार नाहीत, कारण मुळात किती दिवस व्हायला हवे होते हे सांगणारी इतक्या जुन्या काळाची दुसरी कोणतीही वही कोणापाशी नाही.

या गोष्टीचा खोटेपणा एवढा महत्त्वाचा नाही. ज्याने सूर्य निर्माण केला त्याने तो थांबवला, असे जो मनापासून मानतो त्याला नासाचा शिक्का का हवासा वाटतो, हा खरा प्रश्न आहे. बायबलमधील चमत्कार आणि विज्ञान यांचा मेळ बसतो का, या चर्चेत बहुतेक वेळा असाच एखादा शिक्का मिळवण्याची धडपड चाललेली दिसते. तो शिक्का मिळत नाही. आणि जिथे मिळाल्यासारखा वाटतो तिथे ज्या गोष्टीवर तो मारायचा होता तीच हातातून निसटलेली असते, असे माझे म्हणणे आहे.

इजिप्तमधून निसटणाऱ्या इस्राएल लोकांसाठी समुद्र दुभंगल्याची कथा घेऊ. 2010 साली कार्ल ड्रूज आणि वेइछिंग हान या अमेरिकेतील दोन संशोधकांनी नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व भागातील एका प्राचीन सरोवराचे संगणकीय प्रारूप प्रसिद्ध केले. सुमारे दोन मीटर खोल पाण्यावर ताशी सुमारे 100 किलोमीटर वेगाचा पूर्वेचा वारा बारा तास वाहत राहिला तर पाणी मागे हटते आणि नदी व खारकच्छ (किनाऱ्यालगतचे खारे सरोवर) जिथे मिळतात त्या वळणावर चारएक तास चिखलाची वाट उघडी पडते, दोन्ही बाजूंना पाणी राहते, असे त्यांना आढळले. द्रवगतिशास्त्राच्या दृष्टीने काम चोख आहे. शिवाय ही कथा सांगणाऱ्या बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातही परमेश्वराने रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहवून समुद्र मागे हटवला असेच लिहिले आहे, त्यामुळे हा वारा संशोधकांनी पदरचा घातलेला नाही. त्या समुद्राच्या मूळ हिब्रू नावाचा अर्थ ‘तांबडा समुद्र’ असा न करता ‘लव्हाळ्यांचा समुद्र’ असा करणारे अभ्यासकही पुष्कळ आहेत, आणि हे सरोवर त्या वर्णनात बसू शकते.

आता पुढे काय? वाऱ्यानेच पाणी हटले असेल, तर तो योग्य वेळी आलेला एक विलक्षण योगायोग ठरतो. आणि वाऱ्यामागे ईश्वराचा हात होता असे म्हणायचे असेल, तर त्या हाताचा माग प्रारूपातल्या कोणत्याच समीकरणात नाही. म्हणजे प्रारूप आहे तिथेच राहते आणि श्रद्धाही आहे तिथेच राहते. वर आणखी एक अडचण आहे. सुमारे सहा लाख पुरुष, त्यांच्याखेरीज बायकामुले आणि गुरेढोरे इजिप्तमधून निघाली, असे निर्गमात म्हटले आहे. एवढ्या लोकांनी सीनायच्या वाळवंटात चाळीस वर्षे काढल्याची खूण पुरातत्त्वाला सापडलेली नाही. इस्राएलाचा बायबलबाहेरील सर्वांत जुना निश्चित उल्लेख मर्नेप्ताह या फारोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, शिलालेखात, ख्रिस्तपूर्व 1208च्या सुमारास येतो, आणि त्यात इस्राएल हे कनान (आजचा इस्राएल-पॅलेस्टाईन परिसर) भागातले लोक म्हणून येतात, इजिप्तमधून पळालेले दास म्हणून नव्हे. घटना घडली की नाही हेच ठरलेले नसताना ती कोणत्या वेगाच्या वाऱ्याने घडली हे ठरवणे म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

यहोशवाच्या सूर्याची कथा याहून बोलकी आहे. पृथ्वीचे फिरणे थांबवायचे तर काय करावे लागेल, हे शाळकरी मुलालाही सांगता येते : ती लढाई जिथे झाली त्या गिबोनच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,400 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते आहे, आणि ती एकाएकी थांबली तर लढाई करायला कोणतीच बाजू शिल्लक उरणार नाही. म्हणून 2017 साली कॉलिन हम्फ्रीज आणि ग्रॅएम वॉडिंग्टन या ब्रिटिश अभ्यासकांनी वेगळी वाट काढली. ‘थांब’ असे ज्या हिब्रू क्रियापदाचे भाषांतर होते त्याचा अर्थ इथे ‘प्रकाशायचे थांब’ असा घ्यावा, आणि मग ते वर्णन 30 ऑक्टोबर 1207 ख्रिस्तपूर्व रोजी कनानातून दिसलेल्या कंकणाकृती सूर्यग्रहणाशी जुळते, असे त्यांनी मांडले. ग्रहणाचे गणित करताना पृथ्वीची गती शतकाशतकाला किंचित मंदावते याचा हिशेब त्यांना करावा लागला, आणि त्यातून इजिप्तच्या राजांच्या कालक्रमाविषयी काही अनुमानेही निघाली. हे सगळे रंजक आहे. पण त्याच अध्यायात लगेच पुढे, सूर्य आकाशाच्या मध्यभागी थांबला आणि जवळजवळ पूर्ण दिवस मावळायला गेला नाही, असे लिहिले आहे. शत्रूचा पाठलाग पुरा करायला उजेड हवा म्हणून सूर्याला थांबवणारी कथा, आणि तिला वाचवण्यासाठी दिलेला उपाय अंधाराचा! मुळात या ओळी याशाराच्या ग्रंथातून घेतल्याचे तो अध्यायच सांगतो, आणि त्या ओळी कवितेच्या आहेत. विजयगीतातल्या सूर्याला पंचांगात बसवण्याची निकड कवीला तर नक्कीच नव्हती.

याच ओळींचा आधार घेऊन, पृथ्वी सूर्याभोवती फिरते या कोपर्निकसच्या मताला विरोध झाला होता, आणि 1615 साली गॅलिलिओने ग्रँड डचेस क्रिस्तिना हिला लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात त्याला उत्तर दिले होते. स्वर्गात कसे जावे हे सांगणे हा पवित्र आत्म्याचा हेतू आहे, आकाश कसे चालते हे सांगणे नव्हे, हे एका कार्डिनलचे वचन त्याने त्यात उद्धृत केले. हे वचन आजही सगळीकडे सांगितले जाते. पत्राच्या शेवटाकडे गॅलिलिओ काय करतो हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे त्याच्यावरील डागांवरून दिसले आहे, त्याच्या फिरण्यानेच ग्रहांना गती मिळते, तेव्हा सूर्याचे ते फिरणे थांबवले की सगळी व्यवस्थाच थांबेल आणि दिवस लांबेल. म्हणजे यहोशवाची कथा, पृथ्वी स्थिर मानणाऱ्या टॉलेमीपेक्षा कोपर्निकसच्याच मतात अधिक चांगली बसते, असा युक्तिवाद तो करतो! ग्रह सूर्याच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे चालत नाहीत, हे आज आपल्याला ठाऊक आहे. मेळ घालण्याचा मोह गॅलिलिओलाही आवरला नाही, आणि त्याने घातलेला मेळ त्याच शतकाच्या अखेरीस न्यूटनच्या यांत्रिकीने निकालात काढला. आज वारा, ग्रहण किंवा पुंजभौतिकी (क्वांटम भौतिकी) यांच्या भरवशावर घातलेल्या मेळाचे आयुष्य याहून जास्त असेल, असे मानायला काही कारण दिसत नाही.

चमत्कारांना नैसर्गिक कारणे लावण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात जर्मनीत फार जोरात होता. हाइनरिश पाउलुस या धर्मशास्त्रज्ञाने येशू पाण्यावरून चालला या कथेचा उलगडा असा केला की तो किनाऱ्यावरून चालत होता आणि होडीतल्या शिष्यांना तसा भास झाला. पाच भाकरी आणि दोन मासे यांवर पाच हजार माणसे जेवली, कारण येशूने आपल्याजवळचे वाटायला काढल्यावर इतरांनीही लपवलेल्या शिदोऱ्या सोडल्या, हाही त्याच घडणीचा उलगडा. 2006 साली डोरॉन नॉफ या समुद्रशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गालीलच्या सरोवरातल्या खाऱ्या झऱ्यांजवळ थंडीच्या काळात बर्फाचा थर धरू शकला असता असे मांडले, तेव्हा पाउलुसचीच परंपरा अधिक चांगल्या उपकरणांनिशी पुढे चालली होती. या परंपरेवर सगळ्यांत मर्मी घाव 1835 साली डेव्हिड श्ट्राउस या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने घातला, आणि तो स्वतः चमत्कार मानणारा नव्हता. त्याचा आक्षेप असा : असे उलगडे करणारे लोक कथेतला प्रत्येक तपशील खरा धरतात आणि ज्यासाठी ती कथा सांगितली गेली तेवढीच गोष्ट काढून टाकतात. किनारा, होडी, रात्र, वादळ हे सगळे खरे, आणि फक्त पाण्यावर चालणे खोटे? कथेचे फळ टाकून टोपली तेवढी जपायची, असा हा प्रकार आहे. येशूचे शिष्य गालीलचेच, त्यांतले काही तर कोळीच होते. बर्फ आणि पाणी यांतला फरक त्यांना कळत नव्हता असे मानणे म्हणजे चमत्काराहून अवघड गोष्टीवर विश्वास ठेवणे आहे.

सगळे चमत्कार एका तोलाचे नाहीत, हे मान्य करायला हवे. रोग बरे होण्याच्या कथांना वैद्यकशास्त्राची दारे पूर्ण बंद नाहीत. मनाच्या अवस्थेचा काही आजारांवर, विशेषतः काही प्रकारच्या लुळेपणावर, अंधत्वावर, झटक्यांवर परिणाम होतो, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. मार्कच्या शुभवर्तमानात (येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार ग्रंथांपैकी एकात) तर येशूला स्वतःच्या गावी लोकांच्या अविश्वासामुळे फारसे काही करता आले नाही, असे मोकळेपणाने नमूद केले आहे, आणि भक्तीपोटी कथा रचणारा हा तपशील घालणार नाही. म्हणून येशू त्याच्या काळी रोग बरे करणारा म्हणून प्रसिद्ध होता, एवढे श्रद्धा नसलेले इतिहासकारही मोठ्या संख्येने मान्य करतात. पण हे मान्य करताना आपण ‘चमत्कार’ हा शब्द खाली ठेवलेला असतो.

येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, त्या काना येथील लग्नाच्या कथेचे तसे नाही. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे तिथे दगडाचे सहा रांजण होते आणि त्यांत मिळून पाचशे ते सातशे लिटर पाणी मावत असे. सहाशे लिटर धरू. त्याचा सामान्य वाइनइतक्या, म्हणजे सुमारे बारा टक्के मद्यार्काचा द्राक्षारस व्हायचा, तर नुसत्या मद्यार्कातच सुमारे तीस किलो कार्बन लागेल, आणि पाण्यात कार्बन नसतो. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो. हवेतून तो आणायचा, तर काही लाख घनमीटर हवेतला कार्बन डायऑक्साइड पळभरात गोळा करावा लागेल. ऑक्सिजनची अणुकेंद्रे फोडून तो मिळवायचा म्हटले, तर हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमधून बाहेर पडली त्याच्या वीस-पंचवीस पटींहून अधिक ऊर्जा ओतावी लागेल, आणि तीही वऱ्हाड्यांना कळू न देता. हे गणित मी कथेची टर उडवण्यासाठी मांडलेले नाही. इथे कोणताही वारा, कोणतेही ग्रहण, कोणताही बर्फ उपयोगी पडत नाही, हे स्पष्ट व्हावे एवढ्यासाठीच ते आहे. पुंजभौतिकीत अनिश्चितता आहे म्हणून ईश्वराला तिथून हात घालता येतो, असा एक युक्तिवाद काही विद्वान धर्मशास्त्रज्ञ करतात; पण सहाशे लिटरच्या पातळीवर त्या अनिश्चिततेतून एक पेलाभरही वाइन निघत नाही.

मग श्रद्धावंताचे सगळ्यांत भक्कम उत्तर उरते, आणि ते तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. निसर्गनियम हे बाहेरून कोणी ढवळाढवळ केली नाही तर काय होईल ते सांगतात. पडते फळ मी हातात झेलले म्हणून गुरुत्वाकर्षणाचा नियम मोडत नाही. तसा ईश्वराने हात घातला तर नियम मोडला असे म्हणता येत नाही, एवढेच म्हणता येते की एक नवे कारण आत आले. पाचव्या शतकात ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाने याच्या जवळचे म्हटले होते : चमत्कार निसर्गाच्या विरुद्ध नसतो, आपल्याला निसर्गाचे जे ज्ञान आहे त्याच्या विरुद्ध असतो. याच्या नेमके उलट स्पिनोझा या डच तत्त्वज्ञाने 1670 मध्ये म्हटले. निसर्गाचे नियम हीच ईश्वराची इच्छा असेल, तर चमत्कार म्हणजे ईश्वराने स्वतःचेच म्हणणे खोडणे ठरेल. दोघेही ईश्वराविषयी बोलत आहेत, आणि विज्ञान दोघांत निवाडा करू शकत नाही. ‘विज्ञानाने चमत्कार अशक्य सिद्ध केले’ असे जे म्हणतात ते विज्ञानाच्या तोंडी त्याचे नसलेले वाक्य घालतात, हे मी मान्य करतो.

पण झेलणाऱ्या हाताच्या या युक्तिवादाची किंमत फार कमी लोक मोजतात. हे दार एकदा उघडले की त्यातून कोणी यावे आणि कोणी येऊ नये हे ठरवता येत नाही. रेड्याने म्हटलेले वेद, ज्ञानदेवांनी चालवलेली भिंत, इंद्रायणीत तरलेली गाथा, 21 सप्टेंबर 1995 रोजी देशभर दूध प्यायलेले गणपती, हे सगळे त्याच दाराशी त्याच युक्तिवादाचा परवाना घेऊन उभे राहतात. गणपतीच्या दुधाचे कारण पृष्ठताण आणि केशाकर्षण (बारीक फटींतून द्रव आपोआप वर ओढला जाणे) आहे असे सांगणारा ख्रिस्ती माणूस कानाच्या रांजणांपाशी आल्यावर वेगळे माप काढत असेल, तर त्याने त्या मापाचे कारण सांगितले पाहिजे; आणि ज्ञानदेवांची भिंत मानून कानाला हसणाऱ्या हिंदूलाही तेच लागू आहे. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1748 मध्ये हेच दाखवून दिले होते : परस्परविरोधी धर्मांचे चमत्कार एकमेकांच्या साक्षीची किंमत कमी करतात. चमत्काराचे अस्तित्व अशक्य आहे असे म्हणण्यापेक्षा, कोणत्याही साक्षीचे खोटे असणे त्या घटनेहून अधिक नवलाचे ठरेपर्यंत साक्ष पुरेशी नाही, असे तो म्हणतो. त्याच निबंधात एका भारतीय राजपुत्राचा उल्लेख येतो. पाणी गोठून दगडासारखे होते, हे त्या राजपुत्राने कधी पाहिले नव्हते, आणि म्हणून त्याने ते मानले नाही. ह्यूम म्हणतो की त्याचा तर्क योग्यच होता. त्याचा निष्कर्ष चुकला हे उघड आहे, पण त्याची चूक हिवाळ्यात एखाद्या थंड देशात नेऊन कोणालाही दाखवता आली असती. काना कोणाला दाखवणार?

सगळ्यांत शेवटी पुनरुत्थान, म्हणजे येशू मेल्यावर पुन्हा उठला ही कथा. इथे ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक असलेल्या पौलाने स्वतःच परतीची वाट बंद केली आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, येशूच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांच्या आतच, तो लिहितो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे. येशू क्रुसावर मेला नव्हता, नुसता मूर्च्छित होता, असा ‘वैज्ञानिक’ उलगडा पाउलुससारख्यांनी याचाही केला. पण तो स्वीकारणाऱ्याच्या हाती पौलाच्या हिशेबाने काहीच उरत नाही. शिष्यांना येशू पुन्हा दिसल्याची त्यांची खात्री फार लवकर तयार झाली होती, इथपर्यंत इतिहास येतो. मृत शरीराच्या पेशी तासाभरातच परत न फिरण्याच्या वाटेला लागतात, इथपर्यंत शरीरशास्त्र येते. या दोहोंमधली दरी श्रद्धेने ओलांडता येते की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण ओलांडणाऱ्याने पलीकडे पोहोचल्यावर पूल विज्ञानाने बांधला होता असे सांगू नये.

शुभवर्तमानांनाही ही प्रमाणपत्राची भूक नव्हती, असे मला वाटते. योहान ‘चमत्कार’ असा शब्द वापरतच नाही. त्याचा ग्रीक शब्द चिन्ह या अर्थाचा आहे आणि मराठी बायबलमध्ये तो ‘चिन्ह’ असाच येतो. चिन्ह कशाकडे तरी बोट दाखवते. आपला ‘चमत्कार’ हा शब्दही साहित्यशास्त्रात काव्य वाचताना मनाला होणाऱ्या विस्मयानंदासाठी वापरला जात होता, हे जाता जाता आठवावे. धोंड्यांच्या भाकरी करून दाखव, मंदिराच्या टोकावरून उडी टाकून दाखव, अशी मागणी मत्तयच्या शुभवर्तमानातल्या कथेत सैतान करतो, आणि येशू नकार देतो. जडीबुटी आणि ‘चमत्कार उठाउठी’ दाखवता येत नाहीत असे सांगणाऱ्या तुकोबांना ही कथा लगेच समजली असती.

प्रश्न सार्वजनिक होतो तो जुन्या कथांपेक्षा आजच्या दाव्यांमुळे, आणि तिथे मात्र विज्ञानाला आत येऊ देणे हे कर्तव्य आहे. फ्रान्समधल्या लुर्द या कॅथलिक तीर्थक्षेत्रात 1883 पासून वैद्यकीय नोंद कार्यालय आहे. रोग बरा झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे तिथे नोंदले गेले आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्यांची संख्या सत्तरीच्या घरात आहे. डॉक्टर तिथे एवढेच लिहितात की आजच्या ज्ञानाने या बऱ्या होण्याचा उलगडा होत नाही. ‘चमत्कार’ हा शब्द बिशप वापरतो. माझ्या मते उलगडा न होणे म्हणजे ईश्वर नव्हे, पण कोणी काय म्हणायचे याची ही विभागणी प्रामाणिक आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही जवळपास अशीच रेषा ओढली आहे. दिवंगत संतांचे चमत्कार सांगण्याला त्याची आडकाठी नाही. आज चमत्कार करून दाखवण्याचा दावा करून लोकांना फसवणे आणि लुबाडणे हा गुन्हा आहे.

मार्च 2012 मध्ये मुंबईत विलेपार्ले येथील वेलंकणी मातेच्या चर्चमधील क्रूसाच्या पायथ्यातून पाणी ठिबकू लागले आणि भाविक ते तीर्थासारखे नेऊ लागले. सनल एडमरुकु या विवेकवादी कार्यकर्त्याने जाऊन पाहणी केली आणि जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याच्या नळीतून भिंतीत मुरलेले पाणी केशाकर्षणाने वर चढत असल्याचे सांगितले. त्याच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली तक्रारी दाखल झाल्या आणि त्याच वर्षी तो देश सोडून फिनलंडला गेला. योहानाच्या कथेतल्या भोजनकारभाऱ्याने रांजणातला द्राक्षारस निदान चाखून पाहिला होता आणि त्याबद्दल त्याला कोणी कोर्टात खेचले नव्हते. पार्ल्यातल्या पाण्याबाबत एवढेच करायचे होते : भिंत उकरायची, नळी मोकळी करायची, आणि दोन दिवसांनी पायथा कोरडा होतो का ते पाहायचे.